ऑर्गनवाल्याचा वाटा

मे १९६७ मध्ये लंडनच्या डेरॅम कंपनीने प्रोकोल हॅरम नावाच्या नव्या बँडची पहिली तबकडी बाजारात आणली. 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' हे तिच्यावरचं गाणं. महिन्याभरात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि सहा आठवडे तिथून हललं नाही. तबकडीवर रचनाकार म्हणून दोन नावं होती: संगीत गॅरी ब्रूकरचं, शब्द कीथ रीडचे. पण हे गाणं ज्यांनी एकदाही ऐकलं आहे, त्यांना शब्दांच्या आधी आठवतो तो ऑर्गन. गायक तोंड उघडण्यापूर्वी आठ बार तोच बोलतो, आणि दोन कडव्यांच्या मध्ये पुन्हा परततो. तो वाजवणाऱ्या मॅथ्यू फिशरचं नाव रचनाकारांत यायला बेचाळीस वर्षं लागली.

फिशर १९४६ साली दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागात जन्मला. गिल्डहॉल स्कूल ऑफ म्युझिकमध्ये त्याचं शिक्षण झालं आणि नंतर तो रॉक बँडांत वाजवू लागला. त्याच्यापाशी स्वतःचा हॅमंड ऑर्गन होता, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. १९६७ च्या वसंतात तो ब्रूकर आणि रीड यांच्या नव्या बँडमध्ये आला तेव्हा गाणं तयार होतं. ब्रूकरने पियानोवर चाल बांधली होती, खालच्या सुरांची पायरीपायरीने उतरत जाणारी ओळ बसवली होती. बाखच्या 'एअर'ची छाया त्या ओळीवर आहे आणि ब्रूकरने ते कधी लपवलं नाही. फिशरने त्या उतरत्या जिन्यावर एक स्वतंत्र सुरावट उभी केली. सराव करता करता ती आकाराला आली, आणि एप्रिलमध्ये ऑलिम्पिक स्टुडिओत डेनी कॉर्डेलच्या देखरेखीखाली गाणं ध्वनिमुद्रित झालं.

इथे पैशाचा हिशेब समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं भांडण त्यावर उभं आहे. गाण्यातून दोन वेगळे हक्क निघतात. एक ध्वनिमुद्रणाचा: तबकडी खपली की त्यात वाजवणाऱ्यांना ठरलेला वाटा मिळतो, आणि बँडचा सभासद म्हणून फिशरला तो मिळत होता. दुसरा रचनेचा: गाणं कुणीही, कुठेही, कधीही वाजवलं किंवा नव्याने गायलं, तरी रचनाकाराकडे पैसे येतात. रचनेचा करार ब्रूकर, रीड आणि एसेक्स म्युझिक ही प्रकाशनसंस्था यांच्यात मार्च १९६७ मध्येच झाला होता. ध्वनिमुद्रणाच्या आधी, म्हणजे ऑर्गनची सुरावट जन्मण्याच्याही आधी. कागद आधी आणि संगीत नंतर, असा हा प्रकार.

फिशरने तेव्हाच विषय काढला होता आणि त्याला उडवून लावलं गेलं, हे पुढे न्यायालयाने मान्य केलं. मग तो गप्प बसला. फार ताणलं तर बँडमधून जावं लागेल ही भीती होती, आणि वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने अशा यशाच्या शिखरावरून उडी मारावी ही अपेक्षा करणंही कठीण आहे. त्याची रचनाशक्ती बँडला ठाऊक नव्हती असं नाही. पहिल्याच अल्बममधली 'रिपेंट वॉलपुर्गिस' ही वाद्यरचना त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. १९६९ चा 'अ सॉल्टी डॉग' हा अल्बम त्याने निर्माता म्हणून घडवला, त्यात गायलाही, आणि मग बँड सोडला. पुढे गिटारवादक रॉबिन ट्रॉवरच्या 'ब्रिज ऑफ सायज'चा निर्माता तोच. स्वतःचे अल्बम काढले, ते फारसे चालले नाहीत. नंतर तो संगणक प्रोग्रामर झाला. नव्वदच्या दशकात ब्रूकरने बँड पुन्हा उभा केला तेव्हा फिशर परतला, आणि २००४ मध्ये दुसऱ्यांदा बाहेर पडला. पुढच्याच वर्षी त्याने दावा दाखल केला. गाण्याला तेव्हा अडतीस वर्षं झाली होती.

आपल्याकडच्या मैफलीत हा प्रश्न वेगळ्या रूपात ओळखीचा आहे. पेटीवाला गायकाच्या मागे जातो तोवर ती साथ, पण त्याने एखादी जागा अशी घेतली की पुढे प्रत्येक जण ती बंदिशीचाच भाग समजून गाऊ लागला, तर? ब्रूकरचं म्हणणं होतं की फिशरने साथ केली, गाणं आधीच पूर्ण होतं. याच मुद्रणात बिल आयडन हा जॅझ ड्रमर भाड्याने बोलावलेला होता; मग त्यालाही रचनाकार म्हणायचं का? न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी डिसेंबर २००६ मध्ये उत्तर दिलं ते सुरावटीकडे बोट दाखवून. ब्रूकरच्या मूळ पियानोत जे नव्हतं, ज्याला स्वतःचं रूप आहे आणि जे गाण्याची ओळख बनलं, ते रचनेचा भाग आहे. फिशरने निम्मा वाटा मागितला होता. न्यायमूर्तींनी संगीताच्या हक्कात ४० टक्के दिले, तेही दावा दाखल झाल्यापासून पुढचे. मागच्या अडतीस वर्षांचं काही नाही. ब्रूकरने यावर जाहीरपणे म्हटलं की आता कुठल्याही ध्वनिमुद्रणात वाजवलेला कुणीही वादक दावा ठोकू शकेल. त्याची धास्ती मला खोटी वाटत नाही. फक्त ती या सुरावटीला लागू पडत नाही.

अपील न्यायालयाने २००८ मध्ये चमत्कारिक तोडगा काढला. फिशर सहरचनाकार आहे खरा, पण इतका उशीर केल्यामुळे त्याला पैशातला वाटा नाही, असा दोन विरुद्ध एक निकाल. मान घे, धन विसर. हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे हे टिकलं नाही. ३० जुलै २००९ रोजी पाचही न्यायाधीशांनी एकमताने ब्लॅकबर्न यांचा निकाल कायम केला. लॉर्ड न्यूबर्गर यांचा मुद्दा साधा होता: उशिरामुळे ब्रूकर आणि प्रकाशकाचं नुकसान काय झालं? उलट इतकी वर्षं फिशरचा वाटा त्यांनाच मिळत राहिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनमधल्या सार्वजनिक ठिकाणी गेल्या पंचाहत्तर वर्षांत सर्वाधिक वाजलेलं गाणं म्हणून याच गाण्याचं नाव जाहीर झालं होतं. त्या पाऊणशे वर्षांतला फिशरचा आर्थिक वाटा जेमतेम चारेक वर्षांचा. पैसा फारसा नाहीच, आपला सहभाग लोकांना कळावा एवढंच हवं होतं, अशा अर्थाचं तो निकालानंतर बोलला.

खटला उभा राहण्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट २००६ मध्ये, ब्रूकरने डेन्मार्कमधल्या लेड्रेबोर्ग इथे मोठ्या वाद्यवृंदासह बँडची मैफल केली. हॅमंडवर फिशरच्या जागी जॉश फिलिप्स होता. 'अ व्हायटर शेड ऑफ पेल'ची पाळी आली तेव्हा त्याने फिशरचीच सुरावट वाजवली.