अस्मान पाहणाऱ्याचा डाव

कुस्तीत हरलेल्या माणसासाठी मराठीने जेवढे वाक्प्रचार राखून ठेवले आहेत, तेवढे जिंकणाऱ्यासाठी ठेवलेले दिसत नाहीत. हरलेल्याची पाठ लागते, तो चीतपट होतो, त्याला धूळ चारली जाते, त्याला अस्मान दाखवले जाते. शब्द निरनिराळे, अर्थ एकच : माणूस उताणा पडला की संपले. पुढे तो कितीही ताज्या दमाचा असो, लाल मातीत त्याला विचारणारे कोणी नाही.

आमच्या घरात हा अर्थ जरा अधिकच जिव्हारी लागलेला आहे. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणत असू, तरुणपणी बरे पैलवान होते. एका जत्रेत अंगाने त्यांच्या निम्म्या असलेल्या गड्याने त्यांना ढाक मारून उताणे पाडले. त्यानंतर आबा हौदात उतरले नाहीत. कोपरीतल्या आमच्या ओटीवर बसून ते आम्हा पोरांना डाव शिकवीत, पण स्वतः लंगोट म्हणून पुन्हा कसला नाही. पाठीला लागलेली माती धुतली तरी जात नाही, असे ते म्हणत, आणि आम्हाला ते पटत असे.

हे सगळे आज आठवायचे कारण माझा पुतण्या. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरून कोपरीकडे येताना वाटेत एका इमारतीच्या तळमजल्यावर गाद्या अंथरून ब्राझीलची जुजुत्सू शिकवतात. हा तिथे जातो. गेल्या पावसाळ्यात मी त्याला शोधत तिथे गेलो, तर चिरंजीव उताणे पडलेले आणि छातीवर एक धिप्पाड मुलगा चालून आलेला. मी म्हणालो, "अरे, झाली की कुस्ती! उठ आता." त्यावर तो खालूनच म्हणाला, "काका, थांबा जरा. मी मुद्दाम पडलोय."

मुद्दाम! आबा असते तर त्यांनी त्या क्षणी त्याचे नाव घरातून कमी केले असते.

मी थांबलो, म्हणून पाहायला मिळाले. खालच्याने आपले दोन्ही पाय वरच्याच्या कमरेभोवती घातले होते. या बैठकीला ते लोक 'गार्ड' म्हणतात. आपण पायांचा विळखा म्हणू. प्रथम त्याने वरच्याचे डोके दोन्ही हातांनी खाली ओढून आपल्या छातीशी आणले. वरचा ताठ बसला तर पुढचे काहीच जमत नाही, म्हणून त्याला वाकवणे हे पहिले काम. मग कंबर थोडी तिरकी करून त्याने आपला उजवा पाय वरच्याच्या डाव्या खांद्यावरून मानेवर चढवला आणि डाव्या हाताने स्वतःचाच घोटा धरून तो तिथे अडकवून ठेवला. आता दुसऱ्याला मान वर काढता येईना. मग तेच पाऊल त्याच्या तोंडापुढून सरकवत, हाताने ओढत, हनुवटीखालून पलीकडे काढले. नडगी नेमकी गळ्यावर आडवी बसली. शेवटी दोन्ही हातांची बोटे त्याच्या डोक्यामागे गुंतवून डोके खाली ओढले आणि कंबर वर उचलली. वरून हात, खालून नडगी, मध्ये गळा. धिप्पाड मुलाने गादीवर दोन थापा मारल्या. थाप म्हणजे हार कबूल. त्याच क्षणी सोडायचे असते, कारण हा दाब सरळ श्वासनलिकेवर येतो. सोडल्यावर दोघे हसले आणि पुन्हा तेच करू लागले.

या डावाला 'गोगोप्लाटा' असे मजेशीर नाव आहे. ब्राझीलच्या नीनो शेंब्री या खेळाडूने विसाव्या शतकाच्या शेवटी तो गाजवला, आणि ३१ डिसेंबर २००६ रोजी जपानमधल्या सैतामा येथे शिन्या आओकीने नॉर्वेच्या योआकिम हान्सेनला याच डावाने थाप मारायला लावली, तेव्हा साऱ्या जगाने तो पाहिला. जपानी ज्यूडोत मात्र टाचेने गळा आवळण्याचा असा डाव त्याआधीच होता.

घरी येताना माझ्या मनात एकच विचार घोळत होता. पायांची ही करामत आमच्याकडे का निपजली नाही? पाय वळवण्यात आपण कोणाला हार जाणारे नव्हतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला जे रूप दिले, ते तरी काय आहे? अढी, तिढी, बगली, दसरंग, फिरकी, सगळा पायांचा कारभार. लाकडी खांबाला मांड्या आणि पोटऱ्यांनी धरून ठेवणारा गडी हाडामांसाचा गळा धरू शकणार नाही, असे कोण म्हणेल? आणि हा खांब मुळात कुस्तीच्या तयारीसाठीच होता.

शास्त्रही तोकडे नव्हते. परंपरेने मल्लविद्येचे चार प्रकार सांगतात : बळाची ती भीमसेनी, चपळाई आणि युक्तीची ती हनुमंती, धरून जखडून शरण आणणारी ती जांबुवंती, आणि हाडे सांधे मोडणारी ती जरासंधी. स्यमंतक मण्यासाठी जांबवान आणि श्रीकृष्ण अठ्ठावीस दिवस झुंजले असे भागवत सांगते, ते पाठ लावण्यासाठी नव्हे. महाभारतातला भीम बकासुराच्या पाठीवर गुडघा देतो, एका हाताने मान आणि दुसऱ्याने कमरेचे वस्त्र धरून त्याला दुमडतो. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' लिहिला, त्यात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांच्या प्रतवाऱ्या, त्यांचा खुराक, त्यांची मेहनत, सारे त्यात येते. (तो कल्याणीचा राजा, आपल्या डोंबिवलीशेजारच्या कल्याणचा नव्हे. माझा स्वतःचा हा घोटाळा बरीच वर्षे होता.)

तेव्हा जखडून शरण आणणारी जांबुवंती नावापुरती उरली आणि पाठ लावण्याची कुस्ती राज्य करू लागली, त्याचे कारण मला तरी मैदानात दिसते. शाहू महाराजांनी १९०२ साली युरोपचा प्रवास केला, रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहिले, आणि १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. हजारो माणसे गोलाकार बसलेली, मधोमध हौद. शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्याला काय दिसणार? पाठ मातीला लागलेली दिसते, लगेच आरोळी उठते, फेटे उडतात. गळ्यावरची नडगी त्याला दिसणारच नाही. ज्या खेळाचा न्याय पाच पंच नव्हे तर सारा गाव करतो, त्या खेळाचा निकाल लांबून दिसणाराच हवा. हा माझा तर्क आहे. कोल्हापूरकरांनी रागावू नये.

नियम बदलला की माणूस कसा बदलतो, याचे एक उदाहरण मोठे बोलके आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झ्बिश्को यांची कुस्ती लागली. झ्बिश्को पहिल्या काही क्षणांतच खाली गेला आणि पोट मातीला लावून जो पालथा पडला, तो अडीच तासांहून अधिक वेळ जवळजवळ तसाच. पालथा माणूस हरत नाही, मग उठायचे कशाला? कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा लढायचे ठरले, तर गडी आलाच नाही. १९२८ साली पतियाळात मात्र गामाने त्याला मिनिटाच्या आत लोळवले. खाली पडलेल्याला नियमाने एकच आसरा दिला होता, पालथे होण्याचा. झ्बिश्कोने तो घेतला. उताणे होऊन लढण्याचा रस्ता त्याच्यापुढे नव्हताच.

तो रस्ता जपानात उघडला. जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोदोकान स्थापन करून ज्यूडोची घडी बसवली. ज्यूडोत नुसती पाठ लावून खेळ संपतोच असे नाही. जमिनीवर दाबून धरणे, गळा आवळणे, सांधा पिळणे हेही निकालाचे मार्ग आहेत. १९१४ पासून तिथल्या उच्च शाळा आणि महाविद्यालयांचे सामने भरू लागले, त्यांत जमिनीवरच्या झुंजीला मोकळीक होती. दोन-तीन वर्षांत शिकून सामन्याला उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांना उभ्याने फेकण्यापेक्षा जमिनीवरचे डाव लवकर साधत. पायांच्या त्रिकोणात मान आवळण्याचा प्रसिद्ध डाव याच पोरांनी नावारूपाला आणला.

त्याच १९१४ साली कोदोकानचा मित्सुयो माएदा फिरत फिरत ब्राझीलला पोहोचला आणि पुढे बेलेम शहरी स्थायिक झाला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला. १९२५ साली ग्रेसींनी रिओत आखाडा काढला. धाकटा एलिओ अंगाने किडकिडीत. दांडगा माणूस आपल्याला पाडणार हे त्याने गृहीतच धरले, आणि पडल्यानंतर काय करायचे यावर सारी बुद्धी खर्च केली. १९५१ साली रिओच्या माराकाना मैदानावर जपानच्या मासाहिको किमुराने त्याचा हात पिरगळून त्याला हरवले. ब्राझीलच्या लोकांनी त्या डावालाच 'किमुरा' असे नाव दिले. हरवणाऱ्याचे नाव आपल्या विद्येत असे कोरून ठेवणारी माणसे मला आवडली.

आपल्याकडेही ही विद्या अगदीच आली नाही असे नाही. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात १९०५ साली सानो जिन्नोसुके यांना आणि १९२९ साली ताकागाकी शिंझो यांना ज्यूडो शिकवायला आणले होते. आणि आपल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा त्यांच्या वजनात सुवर्णपदक नेणारा शोहाची इशी हा मूळचा ज्यूडो खेळणारा. युद्धानंतर अमेरिकनांच्या अमलात जपानात ज्यूडोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. कऱ्हाडच्या मातीतला गडी आणि जपानच्या गादीवरचा गडी तिथे एकमेकांना भिडले, पण परक्या नियमांत. दोघांनीही आपापले अर्धे डाव घरी ठेवलेले.

पुतण्याला मी हे सारे सांगितले. त्याला इतिहासापेक्षा आबांच्या कुस्तीत अधिक रस. "पाठ लागल्यावर आबांनी काय केलं, काका?" मी म्हणालो, "काय करणार? उठले, माती झटकली आणि घरी आले." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या गड्याचा हात अजून त्यांच्या काखेत असेल ना तेव्हा?"

आबांचा तो प्रसंग मी पन्नास वर्षे ऐकत आलो. हात कुठे होता हे कोणी कधी विचारले नव्हते. ढाक बसताना हात बगलेत असतोच, एवढे मला ठाऊक आहे. मग आम्ही दोघे ओटीवर सतरंजी पसरून बसलो. मी आबा झालो, तो जत्रेतला गडी झाला. वहिनी फराळाचे ताट घेऊन बाहेर आल्या, तेव्हा मी उताणा आणि माझा एक पाय त्याच्या खांद्यावर होता. नडगी काही हनुवटीखाली गेली नाही. या वयात कंबर तेवढी वळत नाही, आणि जोर केला तर गुडघ्याच्या शिरा जातात, असे त्यानेच बजावले. हात मात्र खरोखरच माझ्या काखेत होता.