काच की ॲक्रिलिक : मत्स्यालयाच्या भिंतीचा इतिहास

घरी मोठे मत्स्यालय उभारू इच्छिणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो भिंतीचा : टाकी काचेची करावी की ॲक्रिलिकची? नवा पदार्थ जुन्यास आपोआप मागे सारतो, अशी समजूत या प्रश्नामागे पुष्कळदा असते. इतिहास तिला दुजोरा देत नाही.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यानंतर सुमारे शतकभर टाकी म्हणजे धातूची चौकट व तीत लुकणाने बसविलेली काच, असेच समीकरण होते. तिचे दुबळे अंग काच नव्हे, सांधा हे होते. खाऱ्या पाण्याने लोखंड गंजे आणि लुकण तडकून पाणी झिरपू लागे. १९३३ मध्ये जर्मनीत ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने ॲक्रिलिकचे तक्ते निघाले व दुसऱ्या महायुद्धात ते विमानांस लागले. तथापि काचही स्वस्थ बसली नाही. १९५९ साली पिल्किंग्टन यांनी सपाट काच तयार करण्याची तरंगपद्धती जाहीर केली; पुढे सिलिकोनच्या चिकटद्रव्याने चौकटीची गरजच संपविली.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, तेव्हा सार्वजनिक मत्स्यालयाची खिडकी म्हणजे जाड काच, हीच रीत होती. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा त्यात ॲक्रिलिकचा १२ फूट लांबीचा बोगदा आला. (२०२० साली बंद झालेले हे मत्स्यालय त्या इमारतीत पुन्हा उघडले नाही.) बोगद्यासाठी ॲक्रिलिक निवडण्याचे कारण उघड आहे. उष्णतेने त्यास बाक देता येतो आणि तुकडे जवळजवळ अदृश्य रीतीने जोडता येतात. परंतु ॲक्रिलिक म्हणजे निर्धोकता नव्हे. १६ डिसेंबर २०२२ रोजी बर्लिनमधील सुमारे १० लक्ष लिटरची ॲक्रिलिक टाकी फुटली. तिचे कारण निर्विवादपणे ठरू शकले नाही.

आता घराकडे वळू. चामटोलीच्या एखाद्या गृहस्थास २ मीटर लांब, पाऊण मीटर रुंद व तितकीच उंच टाकी करावयाची आहे, असे समजू. तीत सुमारे १,१२५ लिटर पाणी मावेल आणि दर्शनी भिंतीवर सुमारे ५६० किलो वजनाइतका रेटा येईल. हा रेटा उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणून टाकी लांबविण्यापेक्षा उंचविणे अधिक धोक्याचे. सारख्या जाडीचे ॲक्रिलिक काचेच्या निम्म्याहूनही हलके असते खरे. पण सव्वा टनाजवळ जाणाऱ्या भारापुढे ही बचत थोडी. ती टाकी जिन्यावरून चढविणाऱ्यास उपकारक होईल, जमिनीस फारशी नव्हे. उलट ॲक्रिलिक रेट्याने अधिक फुगते, म्हणून ते अधिक जाड घ्यावे लागते व त्यास वरून बांध द्यावा लागतो. शेवाळ खरवडताना सापडलेला वाळूचा एक कणही त्यावर ओरखडा उठवितो. तो घासून घालविता येतो, हे मान्य केले पाहिजे; काचेवर तो सहसा उठत नाही, पण उठलाच तर जाणे कठीण. मात्र काच आघाताने फुटते, तेथे ॲक्रिलिक टिकाव धरते.

तात्पर्य, बोगद्यास ॲक्रिलिक लागले ते आकारामुळे. सरळ भिंतींच्या घरगुती टाकीत ते कारणच उरत नाही. तेथे काच अद्यापि योग्य होय. बाक हवा असेल, टाकी अरुंद वाटेने न्यावयाची असेल किंवा घरात आघाताचे भय असेल, तरच ॲक्रिलिकचा पक्ष बळकट ठरतो. सार्वजनिक वास्तूचे अनुकरण करण्यापूर्वी तिचे प्रयोजन तपासावे, एवढाच या इतिहासाचा बोध आहे.