पळी कोणाच्या हातात?

बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन आठवणी माझी आई सांगायची. पहिली सुकडीची. खडी फोडायच्या कामावर दुपारी सुकडी वाटत आणि ती घ्यायला रांगेत उभे राहावे लागे. ही आठवण ती एका वाक्यात संपवी : "पोट भरायचं, पन मान खाली घालून." दुसरी मात्र ती रंगवून सांगे. संध्याकाळी वस्तीतल्या सातआठ बाया आपापल्या वाट्याची मिलो एकत्र करत, एकीच्या जात्यावर भरडत आणि एकाच चुलीवर मोठ्या पातेल्यात कण्या शिजवत. त्यांच्यात एक बाळंतीण होती, तिला काम झेपत नव्हते. तिचा वाटा सगळ्यांच्या आधी काढून ठेवला जाई.

धान्य तसलेच, भूकही तीच. मग एका आठवणीत मान खाली का आणि दुसरीत वर का? मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. नोकरी सांभाळून वाचनालयात बसत आलो, एवढेच. पण या एका प्रश्नाने मला बरेच लांब नेले. आधी आयर्लंडला, मग पेरूला.

आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. पुढच्या वर्षी जवळजवळ सगळे पीक कुजले. गरीब आयरिश माणसाचे रोजचे जेवण म्हणजे बटाटाच. सरकारने आधी आपल्याकडच्यासारखीच दुष्काळी कामे काढली. १८४७ च्या मार्चमध्ये सात लाखांवर माणसे रस्ते बांधत आणि दगड फोडत होती. मजुरी इतकी तुटपुंजी आणि धान्य इतके महाग, की माणसे कामावरच कोसळू लागली. क्वेकर पंथाच्या लोकांनी त्याआधीच ठिकठिकाणी सूपच्या कढया चढवल्या होत्या. फेब्रुवारी १८४७ मध्ये सरकारनेही कायदा करून तोच मार्ग धरला.

या मोहिमेचा गाजलेला चेहरा म्हणजे अलेक्सी सोयर. लंडनच्या रिफॉर्म क्लबचा हा फ्रेंच खानसामा डब्लिनला आला आणि एप्रिलमध्ये त्याने आपले आदर्श स्वयंपाकघर सुरू केले. मधोमध तीनशे गॅलनची कढई, भोवती लांब टेबले, टेबलांत बसवलेले शंभर वाडगे आणि प्रत्येक वाडग्याला साखळीने बांधलेला चमचा. घंटा वाजली की शंभर जण आत, पुन्हा वाजली की ते बाहेर आणि पुढचे शंभर आत. रोज हजारो माणसे जेवून जात. उद्घाटनाच्या दिवशी प्रतिष्ठितांनी पाच शिलिंग भरून गरिबांचे जेवण पाहिले, अशी नोंद आहे. ती वाचून मी पुस्तक मिटले आणि त्या दिवशी पुढे वाचले नाही.

तरीही या कढयांना नावे ठेवून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. जुलै १८४७ मध्ये त्या देशात रोज तीस लाखांहून अधिक लोकांना शिधा मिळत होता. लोकसंख्या सुमारे ऐंशी लाख होती, म्हणजे तीन माणसांमागे एकाहून जास्त. तारयंत्राचे जाळे नसलेल्या काळात हे काम काही महिन्यांत उभे राहिले आणि त्या उन्हाळ्यात मृत्यू कमी झाले. खर्चही कमी आला. दुष्काळी कामांवर सुमारे अठ्ठेचाळीस लाख पौंड गेले होते, कढयांवर सुमारे सतरा लाख.

मग लोक रागावले कशाने? कोरडे पीठ दिले तर माणूस ते विकेल, असा सरकारला संशय होता. शिजवलेले अन्न विकता येत नाही, आणि ज्याच्या घरी खरेच काही नाही तोच भांडे घेऊन चव्हाट्यावर येतो. म्हणजे त्या शिजवण्यात भूक भागवण्याइतकीच माणसाची परीक्षा होती. पश्चिमेकडच्या काही गावांत उपाशी लोकांनीच कढया फोडल्या. काही मिशनऱ्यांनी सूपच्या बदल्यात धर्मांतर मागितले. 'त्यांनी सूप घेतले' ही आयर्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शिवी होऊन बसली.

सप्टेंबरअखेर सरकारने कढया उतरवल्या. गरिबांचा भार स्थानिक करांवर आणि कंगालखान्यांवर टाकला. पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला मदत हवी तर त्याने आधी ती सोडावी, असा नियम झाला. त्यानंतरही दुष्काळ काही वर्षे चालला आणि एकूण सुमारे दहा लाख माणसे मेली. कढया कधी उतरवायच्या हे ठरवताना त्यांवर जगणाऱ्या तीस लाखांना कोणी विचारले नव्हते. पळी पहिल्यापासून दुसऱ्याच्या हातात होती.

आईच्या दुसऱ्या आठवणीशी जुळणारी गोष्ट मला पेरूच्या राजधानीत, लिमात सापडली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या झोपडवस्त्यांतल्या बाया एकत्र येऊन स्वयंपाक करू लागल्या. या स्वयंपाकघरांना 'कोमेदोर पोप्युलार' म्हणजे लोकांचे भोजनघर म्हणतात. वीसतीस घरांच्या बाया मिळून एक घर चालवतात. मंडईतून एकत्र माल आणायचा, पाळीने स्वयंपाक करायचा, हिशेबाची वही सगळ्यांसमोर ठेवायची. परदेशी मदतीचे पीठ आणि तेल आले तर घ्यायचे, पण ताटाला थोडे का होईना पैसे लावायचे. आजारी आणि निराधार माणसाचे ताट मात्र फुकट.

ऑगस्ट १९९० मध्ये पेरू सरकारने किमतींवरचे नियंत्रण एका रात्रीत उठवले. सकाळी पाव आणि रॉकेल कित्येक पटींनी महाग झाले होते. त्या धक्क्यात लिमा तगले ते मोठ्या प्रमाणात या बायांच्या चुलींवर. तिथे रांग होतीच. पण आज रांगेत असलेली बाई उद्या पळी धरणार होती.

एवढी ताकद कोणाच्या तरी डोळ्यांत खुपणारच. 'शायनिंग पाथ' या सशस्त्र माओवादी संघटनेचे म्हणणे असे, की ही स्वयंपाकघरे भुकेची धार बोथट करतात आणि क्रांती लांबवतात. लिमाच्या दक्षिणेला वाळवंटात वसलेल्या व्हिया एल साल्वादोर या वस्तीतली मारिया एलेना मोयानो महिला संघाची पुढारी होती, पुढे उपमहापौरही झाली. धमक्या येऊनही ती उघडपणे विरोधात बोलत राहिली. १५ फेब्रुवारी १९९२ रोजी तिला गोळ्या घातल्या आणि तिचा देह स्फोटकांनी उडवून दिला. ती तेहतीस वर्षांची होती.

या चुलींचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. बायांच्या श्रमाला मोबदला मिळाला नाही, आणि राज्यकर्त्यांनी धान्याच्या पोत्यांवर मते मिळवायला कमी केले नाही. देशाची गरिबी पातेल्याने हटत नाही. पण २०२० साली टाळेबंदीने लिमात पुन्हा उपासमार आणली तेव्हा वस्त्यावस्त्यांत सामाईक चुली पेटल्या. सरकारची मदत पोचायच्या आधी जळण, माणसे आणि पाळ्या यांची जुळणी झाली होती. पाळी कशी लावायची, वही कशी ठेवायची, हे त्या वस्त्यांना आयांपासून ठाऊक होते. डब्लिनची कढई उतरली तेव्हा मागे अशी कुठलीच सवय उरली नव्हती.

अन्नछत्र उघडणारा माणूस पुण्यवान असतो, याबद्दल मला शंका नाही. उपाशी माणसाला पळी कोणाच्या हातात आहे हे बघायला सवड नसते, हेही खरे. पण किती ताटे वाढली हे विचारताना, वाढणाऱ्यांत जेवणाऱ्यांपैकी किती होते, हेही विचारायला हवे. आपल्या दुष्काळांच्या इतिहासात रांगांचे आकडे नोंदले आहेत. वस्तीवरच्या त्या सातआठ बायांच्या पातेल्याची नोंद मला आजवर कुठल्याही कागदात दिसलेली नाही.

आई जाण्याआधीच्या हिवाळ्यात मी तिला लिमाच्या बायांची गोष्ट सांगितली. पेरू कुठे आहे हे तिने विचारले नाही. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाळंतिणीचा वाटा आधी काढत होत्या का रे?"

"आजारी आणि निराधार माणसाचं ताट फुकट असायचं," मी म्हणालो.

"मग बरोबर हाय," ती म्हणाली.