झाकणाची साक्ष

जर्मन घरांत स्ट्रॉबेरी-रासबेरी बरणीत टिकवण्याला ‘आइनवेकन’ म्हणतात. आपण ‘झेरॉक्स काढतो’, त्यातलाच प्रकार. योहान वेक या गृहस्थाचे आडनाव क्रियापद झाले आणि १९०७ साली ‘डुडेन’ शब्दकोशात जाऊन बसले. गंमत म्हणजे यातला शोध एकही त्याचा नाही. बंद बाटलीतले फळ उकळत्या पाण्यात तापवले की टिकते, हे निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने आधीच दाखवले होते. सरकारने १८१० साली त्याला १२,००० फ्रँक दिले. काचेचे झाकण आणि रबरी कडे यांचे १८९२चे पेटंट रुडॉल्फ रेम्पेल या रसायनतज्ज्ञाचे. वेकने ते विकत घेतले आणि १९०० साली कंपनी काढली, एवढेच. तरी ही कला कारागिराकडून स्वयंपाकघरात आली ती आपेरच्या उष्णतेने नव्हे, या झाकणामुळे, असे मला वाटते. आपेर बुचे ठोकून तारेने आवळायचा. त्याला हात सरावलेला लागे आणि बूच कुठे झिरपले ते बाहेरून कळत नसे. रेम्पेलच्या बरणीत तापताना हवा बाहेर पडते, गार होताना आतली वाफ विरते आणि बाहेरच्या हवेचा दाब झाकण गच्च धरतो. मग तापवताना झाकण धरून ठेवणारा चाप काढून टाकायचा. झाकण हलले, तर बरणी बिघडली.

कोणी म्हणेल, मुरांबा आणि जॅम त्याआधीही होतेच. होते, पण तिथे फळाला राखते ती निम्म्याहून अधिक साखर, आणि पाकात ताज्या बेरीची चव हरवते. बरणीत साखर केवळ चवीपुरती. अमेरिकेतल्या जॉन मेसनची आट्यांची बरणी १८५८ची, म्हणजे वेकच्या कितीतरी आधीची, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण आट्यांनी घट्ट बसवलेले जस्ताचे झाकण आत निर्वात असो वा नसो, जागचे हलत नाही. ते साक्ष देणार कशी? उरला तिसरा आक्षेप, आणि तो खरा आहे: बोटुलिझमचे विष तयार झाले तरी झाकण घट्टच राहू शकते. म्हणून घेवड्याच्या शेंगांना उकळते पाणी पुरत नाही, दाबाखालची अधिक उष्णता लागते. स्ट्रॉबेरी-रासबेरी मात्र आंबट, सामू ४.६च्या खाली, आणि तिथे हे विष बनवणारे जंतू वाढत नाहीत. झाकणाची साक्ष जिथे तोकडी पडते, तिथे फळाचा आंबटपणा उभा राहतो. वेकच्या बरण्यांवर काचेतच उठवलेले व्यापारचिन्हही स्ट्रॉबेरीचेच आहे.