बऱ्हाणपूरच्या वाटेवरची वर्गणीदार बातमीपत्रं

कुंडी भंडारा, मुमताजची आहुखान्यातली कबर, जुन्या पेठा यांवर आपल्यात बरंच लिहून झालंय. आज जरा वेगळा विषय घेतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

हल्ली ईमेलवर बातमीपत्र काढून पोट भरणारी तरुण मंडळी दिसतात. लिहिणारा एकटाच, वाचक वर्गणी भरतात, ठरल्या दिवशी पत्र पोचतं. माझ्या पुतणीची मुलगी पुण्यात हाच उद्योग करते. कापूस आणि सुताच्या बाजारावर लिहिते. नोकरी सोडून हे सुरू केलं तेव्हा घरात सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. "हे कसलं नवीन खूळ?" असं मला विचारलं गेलं, कारण घरात बँकवाला मीच. मी म्हटलं, खूळ असेल, पण नवीन म्हणू नका. बऱ्हाणपूरकरांनी तर मुळीच म्हणू नये.

मोगलाईत आपलं गाव खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं. सुरतेहून आग्र्याला जाणारा रस्ता इथून जायचा, आणि नर्मदा ओलांडून औरंगाबादेकडे उतरणाराही इथूनच. रस्ता आला की माल येतो आणि मालाबरोबर बातमी. बादशहाची बातमी यंत्रणा तेव्हा चांगली बांधलेली होती. प्रत्येक सुभ्यात वाकेनवीस म्हणजे उघड बातमी लिहिणारा, त्याच्यावर नजर ठेवायला सवानेहनिगार, त्याच्याही पलीकडे खुफियानवीस, आणि तोंडी खबर आणणारे हरकारे. आमच्या बँकेत शाखेचं ऑडिट, मग कन्करंट ऑडिट, मग अचानक येणारं इन्स्पेक्शन असायचं, तसलाच प्रकार. मनुची हा इटालियन लिहून गेलाय की ही पत्रं रात्री नवाच्या सुमारास बादशहापुढे जनान्यातल्या बायका वाचून दाखवत.

पत्र पळवायची रीत ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सांगितली आहे. तो सतराव्या शतकात बऱ्हाणपूरहून गेला होता. ठरावीक अंतरावर झोपडी, तिथे पुढचा धावक तयार. आलेला माणूस पत्र हातात देत नाही, दाराशी टाकतो, कारण हातात देणं अपशकुनी. दुसऱ्याने उचलायचं आणि सुटायचं. घोडेस्वारापेक्षा हे पायी धावणारे लवकर पोचतात, असं तो म्हणतो.

पण हे झालं सरकारी काम. धंदा सुरू होतो तो पुढे. दरबारात काय चाललंय हे बादशहाला जितकं हवं असे, त्याहून जास्त बाहेरच्यांना हवं असे. राजपूत राजांचे वकील दरबाराशी राहत आणि लेखक धरून रोजच्या हकिकतीच्या नकला मिळवत. कुणाला मुलाखत मिळाली, कुणाची मनसब वाढली, कुणाला खिलत, छावणी कुठून कुठे हलली, सगळं भुऱ्या कागदाच्या लहान पट्ट्यांवर. हेच ते अखबारात. जेम्स टॉडने त्यांचा मोठा साठा लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला दिला, जदुनाथ सरकारांनी त्यावर औरंगजेबाचा इतिहास उभा केला, आणि आपल्या सेतुमाधवराव पगडींनी ते मराठीत आणले. त्यांच्या ग्रंथाचं नावच 'मोगल दरबारची बातमीपत्रे'. न्यूजलेटरला मराठी शब्द शोधत बसायची गरजच नाही.

आता कॉमर्सवाल्याच्या नजरेने बघा. एका दिवसाची हकिकत एकदा मिळवायची. मिळवायला खर्च जबर: दरबारात ओळखी, शिपायांना चिरीमिरी, कागद, कारकून. पण एकदा हाती आली की दुसरी नकल फक्त शाई-कागदाच्या भावात. म्हणजे गिऱ्हाईक वाढलं तरी मूळ खर्च तेवढाच. पुतणीची मुलगी ईमेलबद्दल मला हेच गणित समजावत होती आणि तिला वाटत होतं, आजोबांना हे नवीन आहे.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे सावकार. त्याला खिलत-मनसबीशी देणंघेणं नाही, पण रस्ता सुरक्षित आहे का, लढाई कोण जिंकलं, कुठल्या पेढीचं दिवाळं वाजतंय, हे त्याला आधी कळलं पाहिजे. ताव्हेर्नियेने सुरतेवरच्या हुंडीचे दर दिलेत: बऱ्हाणपूरहून शेकडा अडीच ते तीन, आग्र्याहून सव्वाचार ते पाच, ढाक्याहून तब्बल दहा. दर जास्त वाटतो, पण वाटेत माल लुटला गेला तर पैसा देणाऱ्याचं बुडतं, असंही तोच सांगतो. म्हणजे ही हुंडणावळ नुसतं व्याज नव्हे, त्यात वाटेतला धोका धरलेला. आणि धोका किती, हे कळणार कशावरून? बातमीवरून. ज्याच्याकडे ताजं पत्र, त्याला योग्य दर ठरवता यायचा. (सबस्टॅक नावाची अमेरिकन कंपनी वर्गणीतले शेकडा दहा कापून घेते. ढाक्याचा दर झाला हा!)

मराठी दप्तरांत या धावकांना कासीद, जासूद म्हणतात. बरेचदा जोडीने पाठवत, एक पडला तर दुसरा पोचावा. त्यांच्या मजुरीला शब्द होता अजुरा.

या सावकारी टपालाची सगळ्यांत मोठी बातमी पानिपतची. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघालेले. ग्रँट डफ सांगतो की नर्मदेच्या उतारावर त्यांना एक कासीद भेटला. तो पेशव्यांचा नव्हताच. औरंगाबादच्या सावकारांनी ठेवलेला, पानिपताहून नवव्या दिवशी पोचायचा त्याचा करार. त्याच्याजवळचं पत्र फोडलं. त्यात दोन मोती गेल्याचा, मोहरांचा आणि न मोजता येणाऱ्या चांदी-तांब्याच्या नाण्यांचा हिशोब होता. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. शाळेत हे आपण सगळे शिकलो, डोळे भरून आले, आणि पुढच्या धड्याला गेलो. पण बँकेत छत्तीस वर्षं काढल्यावर मला त्यात निराळंच दिसतं. एवढ्या मोठ्या राज्यकर्त्याला मुलगा आणि चुलतभाऊ गेल्याची बातमी दुसऱ्याच्या वर्गणीच्या पत्रातून मिळाली. पेढीवाल्यांचं टपाल सरकारी टपालाच्या पुढे होतं. हजार-बाराशे किलोमीटर नऊ दिवसांत, हे काही एका जोडीच्या पायांचं काम नव्हे, वाटेत माणसं बदलत असणार असं मला वाटतं. आणि नर्मदेहून औरंगाबादचा जुना रस्ता बऱ्हाणपूरवरूनच. आपल्या शनवाऱ्याच्या आसपास कुठेतरी त्या कासिदाने पाणी पिऊन पुढे जायचं होतं.

भाषा सांकेतिक का, तर पत्र वाटेत फुटणार हे धरूनच लिहिलेलं. आमच्या वेळी तारेने पैसे पाठवताना तारेत एक गुप्त आकडा घालत असू, तो जुळला तरच पैसे द्यायचे. त्या आकड्यांचं पुस्तक मॅनेजरच्या कपाटात कुलपात असे. नानासाहेब पुण्याला परतले ते खचूनच, २३ जून १७६१ ला पर्वतीवर गेले.

बातमी न पोचल्याचंही उदाहरण आपल्याच गावचं आहे. १६८१ च्या जानेवारीअखेर संभाजीराजांची फौज लांबची मजल मारून बहादरपुऱ्यावर आली. एवढे वाकेनवीस, हरकारे, डाकचौक्या, पण आधी कुणालाच सुगावा नाही. नायब काकरखानाच्या हाताशी फौज अगदी थोडी, त्याने वेशी लावून घेतल्या. बाहेरची श्रीमंत पुरं लुटली गेली. मग शहरातल्या प्रतिष्ठितांनी बादशहाला पत्र लिहिलं की रक्षण होत नसेल तर शुक्रवारचा नमाज बंद पडेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात हजर. चार-चार पदरी बातमी यंत्रणेपेक्षा गावकऱ्यांच्या एका अर्जाचं वजन जास्त ठरलं.

सरकारी बातमीदार कमी का पडायचा? बर्निये या फ्रेंच वैद्याने कारण सांगितलंय: वाकेनवीस आणि सुभेदार यांचं बहुतेक वेळा साटंलोटं. ज्याच्याबद्दल लिहायचं तोच खिसा भरतो, मग पत्रात काय येणार? सावकाराचा कासीद खरं सांगे तो काही साधू म्हणून नव्हे. खोटं सांगितलं तर पैसे देणाऱ्याचं नुकसान, आणि पुढचा अजुरा बंद. अर्थात सावकाराची बातमी सावकारापुरती. गरीब विणकराला त्यातलं काही कळत नसे, त्याला सुताचा भाव कळायचा तो ठोकर खाऊन. हेही विसरू नये.

हा मुद्दा मी आमच्या मुलीला मुद्दाम सांगितला, कारण तिच्यापुढे तोच प्रसंग आला. सुताच्या एका बड्या व्यापाऱ्याने तिला शंभर वर्गण्यांचे पैसे एकरकमी देऊ केले. अट एवढीच, की त्याच्या मालाबद्दल "सांभाळून" लिहावं. घरात दोन तट. तिचे वडील म्हणाले, घरभाडं त्यातून निघेल. मी म्हटलं, बर्निये वाच. तिने पैसे परत पाठवले. वर्गणीदार सावकाशच वाढताहेत, भाडं अजून वडीलच भरतात, आणि माझ्याशी ते सध्या जपून बोलतात.

पुढे १८५४ मध्ये अर्ध्या आण्यात देशभर टपाल सुरू झालं, तारा आल्या, १८६० च्या दशकात आपल्या बाजूने रेल्वे गेली. कासिदांची गरज संपली. हुंड्या मात्र टिकल्या. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या अशा कागदांच्या स्थानिक रूढींना हात लावलेला नाही. परीक्षेला आम्ही हे कलम घोकलं होतं. शहाजोग, दर्शनी, मुदती, जोखमी, सगळे प्रकार तोंडपाठ.

आपल्यापैकी ज्यांची घरं जुन्या पेठांत आहेत, त्यांनी एकदा माळ्यावरच्या पेट्या बघाव्यात. जुनी हुंडी, भावाची चिठ्ठी, मोडीतलं पत्र, काहीही निघालं तर फोटो टाका, दोन्ही बाजूंचा टाका. मागच्या बाजूला बरेचदा बातमी असते. मोडी वाचणारे आपल्यात दोघेतिघे आहेत, वाचून देतील. कागद मात्र लॅमिनेट करू नका.