नादखुळा: वेड, वाद्य आणि आपला पालघर

मराठीतला 'नाद' हा शब्द घ्या. नाद म्हणजे आवाज आणि नाद म्हणजे छंदही. तो हाताबाहेर गेला की माणूस 'नादखुळा' होतो. सूर आणि वेड एकमेकांशेजारी राहतात, हे भाषेला आधीच ठाऊक आहे. माझ्या पीएचडीतला प्रश्न तिथूनच सुरू होतो: वेडाला सूर दिला की काय होतं?

घिवली म्हटलं की तुम्हाला समुद्र, मासेमारी आणि शेजारचं अणुऊर्जा केंद्र आठवेल. पण बोईसर ओलांडून पूर्वेला डोंगराकडे सरकलात की वारल्यांचे पाडे लागतात. तिथे कुणी भरकटल्यासारखं वागू लागलं की घरचे भगताकडे जातात. भगत तांदळाचे दाणे पाहतो, देवांची गाणी म्हणतो. त्याच्या अंगात वारं येतं, अंग थरथरतं. दोन भोपळ्यांची घांगळी हे त्याचं वाद्य. तिच्यावर तो धान्याची देवी कणसरीची कथा गातो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. थरथरणं, बरळणं हे एरवी वेडाचंच लक्षण. पण गाण्याला सुरुवात असते, शेवट असतो आणि भोवती माणसं असतात. त्यामुळे त्याच थरथरीला जागा मिळते, वेळ मिळते, अर्थ मिळतो. वेड दडपलं जात नाही, त्याला हद्द आखून दिली जाते.

आता दुसरी बाजू बघू. 1858 साली ब्रिटिशांनी हिंदुस्थानात वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. 1901 मध्ये ठाण्याचं मनोरुग्णालय सुरू झालं. त्याच काळातल्या इंग्लंडमध्येही वेडावर संगीत होतंच. संगीतकार एडवर्ड एल्गार 1879 ते 1884 पॉविकच्या अशा इस्पितळात बँडमास्तर होता. वाजवायचे कर्मचारी, नाचायचे रुग्ण. हेतू चांगला होता, पण तिथे संगीत होतं ते रुग्णाला शांत आणि शिस्तीत ठेवायला. त्याचं वेड काय सांगतंय, हे ऐकायला नव्हे.

म्हणजे भगत बरोबर आणि डॉक्टर चूक? अजिबात नाही! भगताकडे फेऱ्या मारण्यात औषधाची वेळ निघून जाऊ शकते, आणि ती किंमत रुग्णच मोजतो. गाण्याने स्किझोफ्रेनिया बरा होतो असं माझं म्हणणं नाही. मुद्दा एवढाच, की इस्पितळाने उपचार देताना माणूस गावातून उचलला, आणि गाण्याने तो गावातच धरून ठेवला.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी केली आणि समाजात राहण्याचा हक्क दिला. कागदावर हक्क आला खरा. पण 'समाजात राहणं' म्हणजे नुसतं घरात असणं नव्हे. आपलं बरळणंही कुणीतरी बसून ऐकणं, हेही त्यात येतं.

तुमच्या घरी, गावात असं कुणी होतं का? त्यांना कुणी गाऊ दिलं होतं का? जरूर लिहा.