ॲगाथॉनकडची दुसरी रात्र

पायातलं दाराशी काढा. गुलाम पाय धुवायला पाणी घेऊन येईल, त्याला नको म्हणू नका, इथला रिवाजच तो. तुम्ही अथेन्समध्ये आहात, इ.स.पू. ४१६, थंडीचे दिवस. लेनाइयाच्या उत्सवात ॲगाथॉन या तरुण नाटककाराची शोकांतिका पहिली आली. काल त्याचा मोठा जल्लोष झाला, आज घरी मोजकीच मंडळी आहेत.

तुम्हाला बोलावणं नाही. संकोचू नका, ॲरिस्टोडेमसलाही नव्हतं. हा सॉक्रेटिसचा भक्त, गुरूसारखाच अनवाणी फिरणारा. सॉक्रेटिसनं त्याला वाटेत गाठून बरोबर घेतलं आणि चालता चालता होमरला चिमटा काढला : सज्जनांच्या पंगतीला सज्जनांनी न बोलावता जावं अशी म्हण, तर होमरनं उलटच केलं, लेचापेचा मेनेलाउस शूर ॲगामेम्नॉनच्या मेजवानीत घुसवला. ॲरिस्टोडेमस दारात पोचला आणि वळून बघतो तर सॉक्रेटिस गायब! शेजारच्या घराच्या देवडीत विचार करत उभा राहिलाय. त्याला हाका मारून उपयोग नाही. अर्धं जेवण झाल्यावर येईल.

तोवर कोचावर डाव्या कोपरावर रेला. जेवायचं उजव्या हातानं, तेवढं तरी घरच्यासारखं. वाचक बाई असेल तर मात्र वेषांतर करूनच या, कारण घरच्या बायका आतल्या खोल्यांत आहेत आणि बासरीवालीलाही आता तिकडेच पिटाळलंय. कालच्या दारूनं सगळ्यांची डोकी धरलीत. एरिक्सिमॅकस वैद्य आहे, त्यानं पिण्याचे अपाय ऐकवले, आणि आज बेतानं प्यायचं नि बोलायचं असं ठरलं. विषय फीड्रसच्या तक्रारीतून निघाला : कुणा विद्वानानं मिठावर स्तुतिग्रंथ लिहिला, पण प्रेमाच्या देवाचं धड कौतुक एकाही कवीला सुचू नये?

म्हणून डावीकडून उजवीकडे एकेकानं प्रेमावर बोलायचं. फीड्रस अकिलिसचा दाखला देतो आणि जाता जाता एस्किलसची चूक काढतो. पॉसेनियस लांबण लावतो. तेवढ्यात डुलकी घेतलीत तरी चालेल. ॲरिस्टोफेनिसची पाळी आली की मात्र सरसावून बसा, कारण त्याला नेमकी तेव्हाच उचकी लागते. कुणीतरी आठवण काढत असेल, असं तुमच्या ओठांवर येईल. वैद्यबुवांचे उपाय वेगळे आहेत : श्वास रोखून धर, गुळण्या कर, तरी थांबली नाही तर नाकात काहीतरी घालून शिंक काढ. मग वैद्यबुवा त्याच्या जागी बोलायला लागतात, शरीरातल्या सुसंवादावर, अतिशय गंभीरपणे, आणि शेजारी कथेतला सगळ्यात मोठा विनोदी नाटककार श्वास कोंडून, गुळण्या करून शिंकतोय. ही सगळी रात्र लिहिणाऱ्या प्लेटोनं ही उचकी उगीच घातली असेल असं मला वाटत नाही.

शिंकून मोकळा झालेला ॲरिस्टोफेनिस सांगतो, माणसं मुळात वाटोळी होती. चार हात, चार पाय, दोन तोंडं. घाई असली की कोलांट्या घेत पळायची. माजली, थेट देवांवर चालून गेली, तेव्हा झ्यूसनं केसानं उकडलेलं अंडं चिरावं तशी ती उभी चिरली. अपोलोनं कातडी ओढून पोटावर थैलीच्या तोंडासारखी गाठ मारली, ती आपली बेंबी. पुन्हा मस्ती केलीत तर आणखी एक काप, मग लंगडी घालत फिरा. खोलीत खसखस पिकते. हसताहसता लक्षात येतं की चिरलेला प्रत्येक अर्धा दुसऱ्याला शोधत भटकतोय, आणि त्या शोधालाच हा प्रेम म्हणतोय. सगळ्या रात्रीत इतकं दुखरं दुसरं कुणीच बोललेलं नाही.

आता जरा पलीकडे बघा. याच ॲरिस्टोफेनिसनं सात वर्षांपूर्वी ‘ढग’ या नाटकात सॉक्रेटिसला टोपलीत बसवून हवेत टांगला होता, पोरांना खोट्याचं खरं करायला शिकवणारा भोंदू म्हणून. नाटक स्पर्धेत तिसरं आलं, म्हणजे शेवटचं. दोघं एका खोलीत पितायत, आणि कुणाच्या कपाळावर आठी नाही. सतरा वर्षांनी, इ.स.पू. ३९९ मध्ये, म्हातारा सॉक्रेटिस न्यायालयात त्याच नाटकाचा उल्लेख करून सांगेल की माझे जुने फिर्यादी हे असे आहेत. मित्रांच्या बैठकीत जी थट्टा पचते, तीच शहरभर फिरून परत आली की आरोपपत्रात बसते. तुम्हाला हे ठाऊक आहे. त्यांना सांगायला जाऊ नका. ॲरिस्टोफेनिस त्यावरही नाटक लिहील.

ॲगाथॉन नटवं, अनुप्रासांनी मढवलेलं भाषण करतो. सॉक्रेटिस म्हणतो, मी घाबरलोच होतो, हा आता गॉर्जियसच्या वक्तृत्वाचं गॉर्गनमुंडकं काढून मला दगड करतोय की काय. मग चार साधे प्रश्न विचारून तो यजमानाची हवा काढतो. स्वतःचं ज्ञान मात्र तो डायोटिमा नावाच्या मँटिनियाच्या बाईच्या तोंडी घालतो. बासरीवालीला बाहेर काढलेल्या खोलीत शेवटचा शब्द एका बाईचा, ही गंमत त्या पुरुषांपैकी कुणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

तोच दाराशी धडधड. अल्सिबायडीस, अथेन्सचा देखणा पुढारी! डोक्यावर आयव्ही आणि व्हायोलेटची माळ, झोकांड्या, आणि दारू थंड करायचं दोनेक लिटरचं भांडंच तो तोंडाला लावतो. प्रेमाची नव्हे, सॉक्रेटिसची स्तुती करतो : बाहेरून बेढब सायलिनसचा पुतळा, उघडला तर आत देवांच्या मूर्ती. मी याला वश करायला काय काय केलं, हेही सांगतो, आणि हसण्यात त्याची फजिती बुडून जाते.

प्लेटो त्या रात्री पोरवयाचा. त्यानं या रात्रीचं पुस्तक पुष्कळ वर्षांनी लिहिलं, तेही ऐकीव गोष्टीची ऐकीव गोष्ट म्हणून. तरी पहाटे कोंबडा आरवेपर्यंत थांबाच. मोठा प्याला फिरतोय आणि सॉक्रेटिस दोन नाटककारांना पटवतोय की जो शोकांतिका लिहू शकतो त्याला प्रहसनही जमायला हवं. ते ‘हो, हो’ म्हणत पेंगतायत. आधी ॲरिस्टोफेनिस झोपला, उजाडता उजाडता ॲगाथॉन. सॉक्रेटिस उठला, लायसियमला आंघोळीला निघाला, ॲरिस्टोडेमस मागोमाग. तुम्हालाही जायचं तर जा, पण वाटेत तो काहीतरी साधंसं विचारेल. लगेच ‘हो’ म्हणू नका. ॲगाथॉन तिथेच फसला.